पदरातलं फूल

मे महिन्यात हरिश्चंद्रगडाच्या उतारावर उभं राहून कुणी विचारलं, इथे कंदीलपुष्प कुठे आहे, तर खरं उत्तर ‘पायाखाली’ हेच आहे. गवत पिवळं पडून मोडलेलं असतं. तापलेला कातळ हात लावू देत नाही. मातीला बारीक भेगा गेलेल्या असतात आणि त्याच मातीत, वीतभर खाली, एक चपटा गोलसर कंद निजलेला असतो. वर त्याची एकही खूण नसते; गेल्या पावसाळ्यातला वेल वाळून, मोडून वाऱ्याबरोबर केव्हाच गेलेला असतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात या झाडापुढे ‘बहुवर्षायू’ असं लिहितात, म्हणजे वर्षानुवर्षं जगणारं. पण त्या प्रत्येक वर्षातले बरेचसे महिने ते कुणाच्याच नजरेला पडत नाही.

टिकून राहणं म्हणजे दिसत राहणं, असं आपण न सांगता धरून चालतो. वडाचं झाड टिकतं, देवळाचा कळस टिकतो, गडाचा बुरूज टिकतो, कारण केव्हाही गेलं तरी ते समोर असतात. डोंगरावरच्या या लहानशा झाडाने टिकण्याची रीत वेगळी पत्करली आहे. वाईट दिवसांत माघार घ्यायची, वरचं सगळं सोडून द्यायचं, जीव तेवढा जमिनीत ठेवायचा. अशी माघार घेणारं हे एकटं नाही. सह्याद्रीतली शेवळं, पंद, दीपकाडी, रानहळद, मुसळी हे सगळे कंदाचे, गड्ड्यांचे नाहीतर जाड मुळांचे रहिवासी. उन्हाळ्यात जो डोंगर आपल्याला उघडाबोडका वाटतो तो आतून भरलेला असतो. तरीही या सगळ्यांत कंदीलपुष्पाची गोष्ट जास्त विचार करायला लावते, कारण त्याने आपलं आयुष्य फार थोड्या जागेशी आणि फार थोड्या सोबत्यांशी बांधून घेतलं आहे. इतकं, की फूल कुठे संपतं आणि जागा कुठे सुरू होते हे सांगणं अवघड व्हावं.

शास्त्रीय भाषेत ही सेरोपेजिया नावाची प्रजाती. रुई, मांदार, अनंतमूळ यांच्या कुळातली. गावोगावी तिच्या वेगवेगळ्या जातींना हमण, खरपुडी, पाताळतुंबडी अशी नावं आहेत. शहरातल्या निसर्गप्रेमींनी फुलाचा आकार पाहून कंदीलपुष्प हे नाव रूढ केलं. भारतात तिच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा पश्चिम घाटाच्या आहेत आणि जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. काही जाती गवताचा किंवा कारवीचा आधार घेत वर चढतात, काही वीतभर उंचीच्या आणि ताठ उभ्या राहतात. पाकळ्या पाच. खाली त्यांची एक अरुंद नळी झालेली असते, नळीचा तळ फुगीर असतो आणि वरची टोकं बहुधा एकमेकांना चिकटून घुमटी करतात. घुमटीच्या पाच फटींतून आत उजेड जातो. रंग हिरवट पिवळा, त्यावर जांभळे किंवा तपकिरी ठिपके. फूल दोन-चार सेंटीमीटरचं, आणि पावसाळी गवतात इतकं बेमालूम मिसळलेलं की शेजारून गेलेला माणूस सोनकी आणि तेरडा बघत पुढे निघून जातो.

याचं घर समजून घ्यायचं तर सह्याद्रीची घडण बघावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. घट्ट थरांचे कडे उभे राहिले, ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार आणि सपाट्या झाल्या. म्हणून घाटमाथ्यावरचा कुठलाही डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. दोन कड्यांच्या मधल्या या सपाटीला डोंगरातली माणसं ‘पदर’ म्हणतात. पदरात माती साठते, झाडी वाढते, पाण्याचा झरा लागतो. त्याच्या कडेला, जिथे झाडी संपते आणि कडा अजून सुरू झालेला नसतो, तिथे गवताचा एक तिरका पट्टा असतो. कंदीलपुष्पाच्या अनेक जातींचं खरं घर म्हणजे हा पट्टा. दाट रानाची सावली तिथे पोचत नाही, शेतीचा नांगर पोचत नाही, गुरंही बिचकत जातात.

या पट्ट्याचं हवामान चमत्कारिक आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने वरून थेंब नाही. उतार तीव्र, माती टीचभर, त्यामुळे पडलेलं पाणी थांबतही नाही. म्हणजे पावसाळ्यात वर्षावनाचा पाऊस आणि उन्हाळ्यात वाळवंटाची तहान, दोन्ही एकाच जागी. कंदाला हे दोन्ही सोसावं लागतं. पाणी तुंबलं तर तो कुजतो, म्हणून उतार हवा. पाणी अजिबात साठवता आलं नाही तर तो सुकतो, म्हणून अंगात साठा हवा. या प्रजातीचा जगातला पसारा पाहिला की ही जुळणी कुठून आली त्याचा अंदाज लागतो. पश्चिमेला कॅनरी बेटांपासून आफ्रिका, अरबस्तान, भारत असं करत ती पार ऑस्ट्रेलियापर्यंत गेली आहे. आफ्रिकेतल्या तिच्या कित्येक भावंडांची खोडं मांसल आहेत आणि ती रखरखीत प्रदेशात राहतात. दुष्काळात कसं जगायचं, हे ज्या घराण्याला ठाऊक, त्याच घराण्यातली ही शाखा जगातल्या मोठ्या पावसाच्या प्रदेशात नांदते आहे. भिजण्यापेक्षा तहान काढण्याची शिकवण तिला इथे जास्त उपयोगी पडली असावी.

आपल्या पंचांगाशी या झाडाचं वेळापत्रक ताडून पाहिलं तर गंमत वाटते. आषाढी एकादशीला देव निजतात आणि कार्तिकी एकादशीला उठतात, अशी आपली श्रद्धा. चातुर्मास हा देवाच्या निद्रेचा काळ. कंदीलपुष्पाचा तोच जागरणाचा काळ आहे. ज्येष्ठाच्या सरींनी माती निवली की कंदातून कोंब निघतो. आषाढ-श्रावणात तो वाढतो. श्रावणाच्या अखेरीपासून आश्विनापर्यंत, आणि बहुतेक जातींत भाद्रपदात सर्वांत जास्त, फुलं येतात. कार्तिकात शिंगांसारख्या जोडशेंगा धरतात, हिवाळ्यात त्या उकलतात आणि रेशमी झुपके लावलेल्या बिया कड्यावरून वर येणाऱ्या वाऱ्यावर स्वार होतात. तोवर खाली पानांनी कमावलेलं सगळं कंदात जमा झालेलं असतं. देव उठतात आणि हे झाड निजायला जातं. वर्षातले चारच महिने कमाईचे, हे ठाऊक असल्यासारखा त्याचा सगळा व्यवहार चालतो. कोकणातला आणि मावळातला भात पिकवणारा शेतकरी हाच हिशेब हजारो वर्षं करत आला आहे, म्हणून हे वेळापत्रक आपल्याला परकं वाटत नाही.

फुलात जे घडतं ते मात्र शेतकऱ्याच्या सरळ व्यवहारातलं नाही. इथे मध देऊन परागकण पोचवून घेण्याचा रोखीचा सौदा नसतो, असला तरी नावापुरता असतो. इथे सापळा असतो. वास हुंगत एखादी चिमुकली माशी फुलाच्या घुमटीवर उतरते, फटीतून आत डोकावते आणि नळीत घसरते. नळीच्या आतल्या बाजूला ताठ केस असतात आणि त्यांची टोकं खाली वळलेली असतात. ओढ्यात मासे धरायला बांबूचा पिंजरा लावतात, त्याच्या तोंडाशी आत वळलेल्या काड्या असतात. मासा सहज शिरतो आणि परत फिरताना त्याच काड्या त्याला आडव्या येतात. तसंच हे. माशी खाली जाऊ शकते, वर येऊ शकत नाही. तळाच्या फुगीर कोठीची भिंत काही जातींत पातळ असते, तिच्यातून उजेड झिरपतो. सुटका शोधणारी माशी साहजिकच उजेडाकडे वळते, आणि फुलाचे केसर नेमके तिथेच असतात. तिथे धडपडताना तिच्या सोंडेला एक बारीकशी चिमटी अडकते. त्या चिमटीला परागकणांच्या दोन पिशव्या लागलेल्या असतात. पुढे केस मलूल होतात, वाट मोकळी होते आणि माशी आपलं ओझं घेऊन उडून जाते.

वासाचं कोडं तर याहून खोल आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनी या जातीवरचं एक संशोधन 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. कोळ्याने पकडलेली मधमाशी जीव वाचवण्यासाठी झगडते तेव्हा तिच्या अंगातून जी द्रव्यं सुटतात, त्यांच्याशी या फुलाचा वास जुळतो, असं त्यात दिसून आलं. कोळ्याच्या ताटातलं चोरून चोखणाऱ्या बारीक माश्या त्या वासाने धावत येतात. येऊन बघतात तर मधमाशीही नाही आणि कोळीही नाही. सह्याद्रीतल्या जातींकडेही अशाच चिमुकल्या माश्या येतात. मरणाच्या वासाची नक्कल करून एक फूल आपली पुढची पिढी घडवतं, हे वाचताना क्षणभर थांबावंसं वाटतं. फुलांबद्दल आपण सहसा सात्त्विक शब्दांत बोलतो. ती देवाला वाहतो, डोक्यात माळतो. हे फूल त्या भाषेत मावत नाही.

पण या लबाडीला एक करुण बाजूही आहे. माशी एकदा फसून भागत नाही. पहिल्या फुलातून तिने परागकण उचलायचे आणि दुसऱ्या फुलात पुन्हा फसून ते पोचवायचे. ती पहिल्या अनुभवातून शहाणी झाली, तर झाडाला बी धरणार नाही. शिवाय दुसरं फूल त्याच जातीचं हवं, माशीच्या उडण्याच्या टप्प्यात हवं आणि त्याच दिवसांत उमललेलं हवं. शंभर रोपांच्या वस्तीत हे जमून जातं, पाच रोपांच्या वस्तीत ते नशिबावर उरतं. दुसऱ्याच्या भाबडेपणावर उभारलेला संसार इतका नाजूक असतो. आणखी एक गोष्ट. अशा माश्यांपैकी अनेकींचं बालपण कुजक्या पाल्यात, शेणात, मेलेल्या किड्यांत जातं. फुलाला माशी हवी, माशीला कुजकं काही हवं. म्हणजे त्या गवती पट्ट्यातला पालापाचोळा, गुरांचं शेण, कोळ्यांची जाळी हेसुद्धा या फुलाच्या जगण्यात सामील आहेत. ‘अधिवास’ हा शब्द आपण नकाशावर रंग भरावा तसा वापरतो. इथे त्याचा खरा विस्तार कळतो.

या फुलाची विद्येच्या जगातली वाटचालही लक्षात घेण्यासारखी आहे. सतराव्या शतकात कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. 1678 ते 1693 या काळात ‘हॉर्टस मलबारिकस’ अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्या कामात इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. या ग्रंथातल्या एका वेलीच्या चित्राचा आधार घेऊन कार्ल लिनियसने 1753 मध्ये सेरोपेजिया कँडेलाब्रम या जातीला नाव दिलं. लिनियस भारतात कधी आला नाही. त्याच्यापुढे कागद होता आणि कागदावर वेल होती; तिच्याभोवतीचा पाऊस, गवत, माशी यांतलं काहीच नव्हतं.

पुढे इंग्रज अमदानीत डोंगर धुंडाळणारे आले. मुंबई इलाख्यात मुलकी अधिकारी असलेल्या जॉन सदरलँड लॉ यांनी वनस्पतींचे नमुने गोळा केले, आणि जोसेफ हूकर यांनी एका देखण्या, ताठ वाढणाऱ्या जातीला 1883 मध्ये लॉ यांचं नाव दिलं. हरिश्चंद्रगडाचा परिसर हे तिचं घर. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स मॅक्कॅन यांनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला पाचगणीच्या नावाची जात नोंदवली. स्वातंत्र्यानंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे एम. वाय. अन्सारी यांनी या प्रजातीच्या अभ्यासाला वाहून घेतलं. 1971 मध्ये त्यांनी बी. जी. कुलकर्णी यांच्याबरोबर थेट सह्याद्रीच्या नावाची एक जात जगापुढे आणली, आणि 1984 मध्ये भारतातल्या सगळ्या जातींचा आढावा घेणारी त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. तरी डोंगर संपले नव्हते. 2006 मध्ये, म्हणजे उपग्रह सगळ्या पृथ्वीची छायाचित्रं काढत असताना, नाशिकजवळच्या अंजनेरीवर एक नवी जात सापडली. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून लोक ज्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या जात आले, तिथेच ती वाटेपासून थोडी बाजूला, गवतात उभी होती.

एकेका डोंगराची वेगळी जात कशी, हा प्रश्न इथे आपसूक येतो. वरून पाहिलं तर सह्याद्री सलग दिसतो. पण अमुक उंचीचा, अमुक मातीचा, कड्यालगतचा गवती पट्टा एवढाच ज्याला मानवतो, त्याच्या दृष्टीने एक गड आणि दुसरा गड यांच्यामध्ये समुद्र आहे. मधल्या खिंडी, भातखाचरं, दाट रानं हे सगळं त्याला ओलांडता न येणारं पाणी. बी वाऱ्यावर उडतं खरं, पण ते पडलं तिथे माती, उतार, माशी आणि दुसरं रोप असं सगळं जमून यायला हवं. ते क्वचित जमतं. लाखो वर्षं असं एकांतात राहिलं की बेट वेगळं होतं, बेटावरचा रहिवासीही वेगळा होतो. हा दुर्मीळपणा निसर्गानेच घडवलेला आहे, त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. जो प्राणी किंवा जी वनस्पती एका जागेचा इतका बारकाईने स्वीकार करते, तिची संख्या थोडीच राहणार.

दुसरा दुर्मीळपणा आपण घडवतो, आणि दोन्हींची सरमिसळ करणं आपल्या सोयीचं असतं. ‘मुळातच दुर्मीळ आहे हो,’ असं म्हटलं की जबाबदारी संपते. म्हणून धोके नीट वेगळे करून बघायला हवेत. साळिंदर आणि रानडुक्कर कंद उकरून खातात. हे फार जुनं आहे. गुराखी पोरं हमणाचा कंद काढून खात आली; तेही जुनंच. त्यात एकेक रोप मरतं, पण उतार शाबूत राहतो आणि उरलेली रोपं बी धरत राहतात. वणव्याने कंदाला सहसा इजा होत नाही, कारण तो त्या वेळी खाली निजलेला असतो. पण वाळल्या गवतावर पडलेलं बी जळतं, आणि वर्षानुवर्षं जाळलेल्या उतारावरची आधीच पातळ असलेली माती पहिल्याच पावसात खाली जाते. खाण, घाटमाथ्यावर रुंद होत जाणारा रस्ता, कड्याच्या टोकाशी बांधलेली बंगल्यांची रांग यांच्यात मात्र उतारच नाहीसा होतो. साळिंदराने खाल्लेल्या कंदाची जागा दुसरा कंद घेऊ शकतो. कापून नेलेल्या डोंगराची जागा कोण घेणार?

माणसाची वस्ती तेवढी वाईट, असं सोपं सूत्रही इथे चालत नाही. कासच्या पठाराचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास होतं. गर्दी लोटली, म्हणून पठाराला जाळीचं कुंपण घातलं. त्याने पर्यटकांबरोबर गुरंही बाहेर राहिली. काही वर्षांनी तक्रार सुरू झाली की गवत माजलं आहे आणि लहान फुलझाडं त्याखाली दबली आहेत. पुढे ते कुंपण काढण्यात आलं. ज्या पठारावर शतकानुशतकं गुरं चरत आली, तिथल्या फुलांनी त्या चरण्याशीही जुळवून घेतलं असणार, हे उशिरा लक्षात आलं. जागा म्हणजे नुसती जमीन नसते. तिच्यावर कोण किती वेळा चालतं, काय खातं, काय मागे टाकतं, हेही तिचाच भाग असतं. यातला एक धागा ओढला की दुसरीकडची वीण उसवते, आणि कुठली उसवली ते कळायला दहा वर्षं लागतात.

मग ही फुलं बागेत नेऊन का वाचवू नयेत? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं कामही झालेलं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवल्या, त्यांची संख्या वाढवली आणि काही जातींची रोपं पुन्हा डोंगरात नेऊन लावली. या कामाचं मोल मोठं आहे. एखाद्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि एका जातीची अख्खी वस्ती गेली, तर कुंडीतला कंद हाच तिचा शेवटचा आधार असेल. पण या कामातली शेवटची पायरी बघण्यासारखी आहे. रोपं परत डोंगरातच न्यावी लागली. कुंडीत झाड जगतं, फुलतंही. त्याच्याकडे ठरावीक माशी येईलच असं नसतं, माणसाला कुंचल्याने किंवा सुईच्या टोकाने परागकण पोचवावे लागतात. वाऱ्यावर उडालेलं बी कुठल्यातरी वाफ्यात पडतं, आणि तिथे माळी ते तण म्हणून उपटू शकतो. त्याचा चातुर्मास नळाच्या पाण्यावर चालतो. ते जिवंत असतं यात शंका नाही. पण ज्या गोष्टींनी त्याला असा आकार, असा वास, असा कंद दिला, त्या सगळ्या गोष्टी तिथे थांबलेल्या असतात. उद्यानात आपण आजवर घडलेलं जपतो. पुढे घडत राहणं डोंगरावरच होऊ शकतं. म्हणून कुंडीकडे विमा म्हणून बघावं. विमा आहे म्हणून घर पेटवून देण्याची परवानगी मिळत नाही.

या फुलाने मला दिलेला विचार एवढाच आहे. सजीव कुठे संपतो याची रेघ आपण फार आत ओढतो. कंद, वेल, पानं, फूल एवढं धरून म्हणतो, हे कंदीलपुष्प. खरं तर तिरका उतार, टीचभर माती, आधाराला गवत, दोनदा फसणारी माशी, त्या माशीला वाढवणारा पालापाचोळा, बी उचलणारा कड्यावरचा वारा आणि आठ महिन्यांचा कोरडा एकांत, हे सगळं मिळून कंदीलपुष्प होतं. यातलं दृश्य तेवढं वाचवू म्हटलं तर काहीच वाचत नाही. आपल्याकडे देवराई राखताना लोकांना हे कळत होतं. देव एका शेंदरी दगडात बसवला तरी राखायची सगळी राई, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, असा दंडक होता. दगड घरी नेऊन पुजला तर काम भागेल, असं कुणी म्हटलं नाही. गवताच्या उतारांना असं कुठलं दैवत मिळालं नाही. ‘माळ’, ‘पड’, ‘ओसाड’ असे शब्द त्यांच्या वाट्याला आले आणि कागदोपत्री त्यांची किंमत शून्य झाली. झाड नसलेली जमीन म्हणजे रिकामी जमीन, हा आपला समज. मग तिथे झाडं लावण्याची मोहीम निघते, खड्डे खणले जातात, आणि खड्डा खणणाऱ्याच्या पहारीखाली काय आलं ते त्यालाही कळत नाही.

थोडंफार वेगळंही घडतं आहे. अंजनेरीला 2017 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि तिथली दुर्मीळ वनस्पती हे त्यामागचं एक ठळक कारण होतं. एका फुलासाठी अख्खा डोंगर राखायचा, ही कल्पना सरकारी कागदावर आली ही लहान गोष्ट नाही. त्याच परिसरात पुढे रोपवेचा प्रस्ताव आला आणि विरोधही झाला, हेही खरं. दर्जा मिळाल्याने प्रश्न संपत नाही. हरकत घ्यायला आधार तेवढा मिळतो.

तेव्हा भाद्रपदात गडावर जाणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. मळलेली वाट सोडून कड्यालगतच्या गवतात शिरू नका. कंदीलपुष्प दिसलं तर बघा, छायाचित्र घ्या, पण वेल ओढून उजेडात आणू नका, आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. संग्राहक आणि गर्दी दोघंही तो पत्ता वाचतात. उघड्या डोंगरावर वृक्षारोपणाचा बेत ठरत असेल तर आधी पावसाळ्यात एखाद्या जाणत्या अभ्यासकाला तिथे नेऊन आणा. आणि घाटमाथ्यावरच्या गवताला ‘पडीक जमीन’ म्हणणारा कागद ग्रामसभेत समोर आला, तर सही करण्याआधी हरकत नोंदवा. उन्हाळ्यात त्या जमिनीवर काही दिसत नाही, एवढ्यावरून ती रिकामी ठरत नाही.